आठवी ते दहावीचे प्रयोग खरोखर करून घ्यायचे तर

नाशिकमध्ये पाणी १०० अंशांना उकळत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्क्यांनी कमी आहे. त्यामुळे चंचुपात्रातलं पाणी ९८ अंश सेल्सिअसच्या आसपासच खळखळायला लागतं आणि कितीही जाळ दिला तरी तापमापी पुढे सरकत नाही. तरी प्रयोगवहीत मात्र हमखास ‘उत्कलनांक १००’ लिहिलेलं सापडतं.

समोर ९८ दिसतंय, पुस्तकात १०० छापलंय, शेजारच्या गटानेही १०० लिहिलंय, तर आपणही १०० लिहून मोकळं व्हावं, हे मूल फार लवकर शिकतं. दिसला तो आकडा लिहायचा आणि तो तसाच का आला याचा पिच्छा पुरवायचा, ही प्रयोगशाळेने द्यायची मुख्य गोष्ट. तीच इथे हातची जाते. व्हिडिओत प्रयोग कधी फसत नाही, फळ्यावर तर नाहीच नाही. म्हणून ही सवय तिथे लागत नाही.

पुढची माहिती साध्या शाळेतल्या विज्ञान शिक्षकांसाठी आहे. एक खोली, एखाददोन सूक्ष्मदर्शक, वर्गात पन्नास-साठ मुलं आणि चाळीस मिनिटांचा तास, एवढंच गृहीत धरलं आहे. दहावीला लेखी ४० आणि ४०, प्रात्यक्षिकाला २० गुण असतात. त्या २० गुणांसाठी फेब्रुवारीत घाईघाईने वह्या पुऱ्या करून घेण्यापेक्षा वर्षभरात आठच प्रयोग धड झाले तरी चालतील.

तास बसवताना

जून महिन्यात वेळापत्रक ठरतानाच आठवड्याला एक जोड तास मागून घ्या. नंतर तो मिळत नाही. नाहीच मिळाला तर वर्गाचे दोन भाग करा. अर्धा वर्ग प्रयोग करील, अर्धा मागच्या प्रयोगाचा आलेख काढील, पुढच्या तासाला उलट. एका गटात चौघांपेक्षा जास्त मुलं नकोत. पाचवं मूल बघ्याचं काम करतं, सहावं खोड्या काढतं.

चौघांना कामं वाटून द्या: एकाच्या हातात साहित्य, दुसरा मोजमाप वाचणार, तिसरा लिहिणार, चौथा घड्याळ आणि सुरक्षितता सांभाळणार. दर प्रयोगाला ही कामं फिरलीच पाहिजेत. नाही फिरवली तर दोन महिन्यांत चित्र ठरून जातं: मुलांच्या हाती परीक्षानळी, मुलींच्या हाती वही.

प्रत्येक गटाचा ट्रे आदल्या दिवशी भरून ठेवा आणि त्यात साहित्याची चिठ्ठी टाका. तास संपताना चिठ्ठीप्रमाणे मोजून ट्रे परत. हे न केल्यास पहिली पंधरा मिनिटं ‘सर, आम्हाला ड्रॉपर नाही’ यातच जातात. आणि ज्या बाटलीतलं रसायन मुलांना देणार, त्याच बाटलीतल्या रसायनाने प्रयोग आदल्या दिवशी स्वतः करून बघा. शाळेच्या कपाटातल्या निम्म्या बाटल्यांवरचं लेबल आणि आतला माल यांचा संबंध सुटलेला असतो.

तासाचा क्रम असा ठेवा: आधी अंदाज, मग मोजमाप, पुस्तक सगळ्यात शेवटी. अंदाज पेनने, दोन ओळीत, प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचा. हे काम दोन मिनिटांचं आहे, पण ते गाळलं की मुलं ‘काय व्हायला पाहिजे’ तेच पाहतात.

उकळणारं पाणी

सुरुवात याच प्रयोगाने करावी, कारण यात आकडा पुस्तकाशी जुळत नाही हे पक्कं आहे. आधी तापमापी तपासून घ्या. बर्फ बारीक कुटा, त्यात थोडंसंच पाणी घाला, तापमापी दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवा. ० दिसायला हवं. १ दिसलं तर तापमापी १ अंश जास्त दाखवते; ते वहीत नोंदवून पुढच्या वाचनातून वजा करायचं. शाळेतल्या लाल द्रवाच्या तापमाप्या अशा अंशभर चुकतात. पाऱ्याच्या तापमाप्या शिल्लक असतील तर त्या मुलांच्या हातात देऊ नका.

२५० मिलीच्या चंचुपात्रात १२५ मिली पाणी घ्या. नळाचं थंड पाणी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायला अर्धा तास जातो, म्हणून केटलीत ६० अंशांपर्यंत गरम केलेलं पाणी वाटा. तळाशी कौलाचे दोन-तीन बारीक तुकडे टाका, म्हणजे पाणी उसळून अंगावर येत नाही. तापमापी स्टँडला दोऱ्याने टांगा. फुगा पाण्यात हवा, पण तळापासून दीड-दोन सेंटीमीटर वर. तळाला टेकला तर काचेचं तापमान मिळतं आणि आकडा एकदोन अंशांनी चढतो. मग दर अर्ध्या मिनिटाला वाचन. पाच वाचनं लागोपाठ सारखी आली की थांबायचं.

पाणी तापत असताना काचेला बारीक बुडबुडे धरतात आणि अर्धी मुलं ‘उकळलं!’ म्हणतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आहे. उकळण्याचे बुडबुडे तळापासून निघतात, वर येताना मोठे होतात आणि पृष्ठभागावर फुटतात. हा फरक सांगू नका. दोन्ही वेळची चित्रं काढायला लावा.

९७.५ ते ९८.५ मध्ये आकडा आला की गट बरोबर आहे. मग हवेचा दाब, उंची आणि पुस्तकातला ‘प्रमाण दाबाला’ हा शब्द पुढे आणा, जो आजवर कोणी वाचलेला नसतो. पुढचा अंदाज घरी विचार करायला द्या: कळसूबाईच्या माथ्यावर, १६४६ मीटरवर, पाणी कितीला उकळेल? उत्तर साडेचौऱ्याण्णवच्या आसपास येतं.

मोरचूद आणि खिळा

विस्थापन अभिक्रियेचा हा प्रयोग निफाड-दिंडोरीकडच्या मुलांच्या घरी दर हंगामात होतो, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हणत नाही. द्राक्षबागेवर फवारायला एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे बुरशीनाशक, करतात: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी. मिश्रण झालं की त्यात घासलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचं पातं बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, विरघळलेलं तांबं शिल्लक आहे आणि ते पानं जाळणार. मग आणखी चुना. तो तांबूस थर म्हणजेच पुस्तकातली अभिक्रिया: लोखंड द्रावणात जातं, तांबं बाहेर पडतं. बोर्डो प्लास्टिकच्या टाकीतच का करतात, हा प्रश्न आधी विचारून ठेवा आणि उत्तर प्रयोगानंतर घ्या.

मोरचूद कृषी सेवा केंद्रात मिळतं. बारा गटांना प्रत्येकी १० मिली द्रावण लागतं, म्हणजे १५० मिली करा: साडेसात ग्रॅम मोरचूद, ऊर्ध्वपातित पाणी. बोअरचं पाणी वापरलं तर द्रावण निळसर-पांढरं गढूळ होतं, कारण त्यातले क्षार तांब्याशी साका तयार करतात. ऊर्ध्वपातित पाणी गाड्यांच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं. ‘बॅटरीचं पाणी’ मागताना डिस्टिल्ड पाणीच दिलंय, ॲसिड नाही, हे लेबल वाचून बघा.

दोन इंची साधे लोखंडी खिळे प्रत्येक गटाला दोन. पॉलिश पेपरने ते चकचकीत होईपर्यंत घासायचे आणि घासल्यावर बोट लावायचं नाही; तेलकट जागी थर चढत नाही, डाग-डाग दिसतात. एक खिळा दोऱ्याने बांधून द्रावणात सोडा, दुसरा तुलनेसाठी कागदावर. शेजारी सगळ्या वर्गात मिळून एक, तेवढंच नुसतं द्रावण असलेली परीक्षानळी ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी खिळा बाहेर काढला की लालसर तपकिरी थर स्पष्ट दिसतो.

प्रयोग फसतो तो खिळ्याच्या निवडीत. दुकानदार गंज लागू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले खिळे देतो. ते टाकले की काही सेकंदांत काळपट, भुसभुशीत थर येतो, कारण तिथे आधी जस्तच कामाला लागतं. भांडी घासायची तारेची घासणी वापरावी असं कोणाला सुचतं. ती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते आणि तासभर ठेवूनही ढिम्म हलत नाही. या दोन्ही गोष्टी मुद्दाम एकेका गटाला द्या. वेगळा निकाल आलेला गट मग उरलेल्या वर्गाला प्रश्न विचारू लागतो.

आता पुस्तकातल्या ‘द्रावण फिकट हिरवे होते’ या वाक्याबद्दल. पाच टक्के द्रावणात एका खिळ्याने वीस मिनिटांत निळा रंग जवळजवळ बदलत नाही. मुलं तरीही ‘हिरवा’ लिहितात. रंग जाताना दाखवायचा असेल तर १०० मिली पाण्यात १ ग्रॅमच मोरचूद घ्या आणि खिळ्याऐवजी अर्धा चमचा लोखंडाचा कीस टाकून पाच-दहा मिनिटं हलवत राहा. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये लेथखाली हा कीस पडलेला असतो. त्यावरचं तेल साबणाच्या गरम पाण्याने काढून, वाळवून घ्या. निळा रंग पार उडतो. उरलेलं द्रावण जवळजवळ रंगहीन दिसतं, हिरवं नाही, आणि दुसऱ्या दिवशी हवेमुळे पिवळसर होतं. जे दिसेल तेच लिहू द्या.

उलट बाजूही तपासायची: हिराकशीच्या (फेरस सल्फेटच्या) द्रावणात तांब्याची तार. काहीही होत नाही. ‘काही झालं नाही’ हे निरीक्षण आहे आणि त्याला पूर्ण गुण आहेत, हे पहिल्यांदा मुलांना इथे कळतं.

कांद्याचा पापुद्रा

कांद्याची नाशिकला वानवा नाही, पण कोणता कांदा हे महत्त्वाचं. नुसत्या पेशी बघायच्या तर कोणताही चालतो. परासरण, म्हणजे पेशीतून पाण्याची ये-जा, दाखवायचं असेल तर गडद लाल कांदा हवा, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला बाजारात येणारा. साठवणीतला उन्हाळ कांदा फिकट पडतो.

कांदा शिक्षकांनीच चार फाकींत चिरून द्यावा. ब्लेड वाटू नयेत. बाहेरून तिसरी-चौथी पाकळी घ्या, ती मोडा आणि आतल्या, खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा चिमट्याने हळूच ओढा. पाच मिलिमीटरचा तुकडा पुरे. मोठा घेतला की घड्या पडतात आणि दोन थर एकावर एक दिसतात. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात पापुद्रा, सुईने सरळ करा, आयोडीनचा एक थेंब घाला, दोन मिनिटं थांबा. औषधाच्या दुकानातलं जखमेला लावायचं पोव्हिडोन आयोडीन पाचपट पाण्यात मिसळून चालतं. मग आच्छादक काचेची एक कड पाण्याला टेकवून काच तिरकी धरा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडा. वरून सपाट टाकली की हवा अडकते.

हवेचे बुडबुडे काळ्याभोर कडांचे, अगदी गोल दिसतात. मुलं तेच पेशी म्हणून मन लावून काढतात. कांद्याची पेशी लांबट, विटा रचल्यासारखी असते आणि तिच्या आत केंद्रक एका कडेला दिसतं. दर गटाला विचारा, ‘यातला बुडबुडा कोणता?’ तो सापडला की पेशीचं चित्र आपोआप सुधारतं.

सूक्ष्मदर्शक नेहमी सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगाने सुरू करा. बाजूने बघत भिंग काचपट्टीजवळ आणायचं आणि डोळा लावल्यावर फक्त दूर नेत फोकस करायचा. उलट केलं की आच्छादक काच फुटते आणि भिंगाला चरा पडतो. आरशाचा सूक्ष्मदर्शक असेल तर उजेड खिडकीतल्या आकाशाचा घ्या. आरसा सूर्याकडे कधीही वळवू नका, डोळा जाईल.

पेशी बघून थांबू नका, मोजा. ४ पटीच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवली की दृष्टिक्षेत्र किती मिलिमीटरचं आहे ते दिसतं. सहसा ४ ते साडेचार. १० पटीच्या भिंगाला ते अडीच पटीने कमी होतं, म्हणजे सुमारे १.८ मिलिमीटर. त्यात लांबीच्या दिशेने किती पेशी मावतात ते मोजायचं आणि भागाकार करायचा. सहा मावल्या तर एक पेशी ०.३ मिलिमीटर.

परासरणासाठी लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरचा, जांभळा पापुद्रा घ्या. आयोडीन नको, रंग पेशीतच आहे. साध्या पाण्यात आधी बघा, मग आच्छादक काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचे दोन थेंब सोडा आणि समोरच्या कडेला गाळणकागद लावून पाणी ओढून घ्या. दोन-तीन मिनिटांत जांभळा रंग पेशीभित्तिकेपासून सुटून आकसतो. आता त्याच पद्धतीने साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशींत तो पुन्हा पसरतो. मिठाचं पाणी फार कडक असेल किंवा मुलांनी वीस मिनिटं तसंच ठेवलं तर पेशी मरतात आणि परत फुलत नाहीत.

लंबक: मोजणी शून्यापासून

नववीपासून हा प्रयोग घ्यावाच, कारण साहित्य फुकटचं आहे आणि चुका शोधायला याच्यासारखा दुसरा नाही. जाड नट किंवा धातूचा गोळा, सुती दोरा, स्टॉपवॉच. नायलॉनचा दोरा ताणला जातो, आणि नायलॉन मांजा शाळेत आणायचा तर प्रश्नच येत नाही, त्यावर बंदी आहे. गवंड्याचा ओळंबा घ्यायचा मोह होतो, पण त्याचा गुरुत्वमध्य डोळ्यांनी सापडत नाही. दोरा खिळ्याला गाठ मारून टांगू नका. गाठ खिळ्यावर घसरते आणि लांबी बदलत राहते. चिरलेल्या बुचाच्या दोन अर्धांमध्ये दोरा दाबून स्टँडला आवळा.

लांबी बुचाच्या खालच्या कडेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. गोळा १० अंशांपेक्षा जास्त ओढू नका. २० अंश ओढला तर दोलनकाल जवळजवळ पाऊण टक्का वाढतो. मागे कागदावर उभी रेघ काढा आणि गोळा त्या रेघेवरून एकाच दिशेने जाताना मोजा. तिथे त्याचा वेग सर्वात जास्त असतो, त्यामुळे क्षण नेमका पकडता येतो. टोकाला तो रेंगाळतो.

४०, ६०, ८०, १०० आणि १२० सेंटीमीटरला प्रत्येकी २० दोलनं मोजली की नाशिकला साधारण २५.४, ३१.१, ३५.९, ४०.२ आणि ४४.० सेकंद यायला हवेत. हे आकडे तुमच्यापाशीच ठेवा, मुलांना आधी सांगू नका.

गुरुत्वीय त्वरण काढायला ३९.४८ ला (म्हणजे ४π² ला) मीटरमधल्या लांबीने गुणायचं आणि दोलनकालाच्या वर्गाने भागायचं. उत्तर ९.८ च्या जवळ हवं. एखाद्या गटाचं १०.८ आलं तर तो गट कुठे चुकला हे न बघताही सांगता येतं: घड्याळ सुरू करताना त्यांनी ‘एक’ म्हटलं. म्हणजे १९ दोलनं झाली आणि २० ने भागलं. ‘तीन, दोन, एक, शून्य’ असं म्हणून शून्याला घड्याळ सुरू करायला लावा. ९.६-९.७ आलं तर बहुधा लांबी दोऱ्याच्या टोकापर्यंतच मोजली आहे, गोळ्याची त्रिज्या राहिली.

आडव्या अक्षावर लांबी आणि उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग घेऊन आलेख काढा. त्रिज्या विसरलेल्या गटाची रेषाही सरळच येते, चढही बरोबर येतो, फक्त ती शून्यातून जात नाही. पाचही वाचनांत एकच चूक सारखी शिरली तर ती आलेखात कुठे उघडी पडते, हे हातानं केल्याशिवाय पटत नाही.

थोडक्यात उरकता येतील असे

काळ्या द्राक्षांचा दर्शक जानेवारी ते मार्च या हंगामात करा. शरद सीडलेससारखी काळी द्राक्षं स्वच्छ धुऊन फक्त सालं घ्या, ५० ग्रॅम सालांना १०० मिली गरम पाणी, कुस्करून गाळा. आम्लात लालसर-गुलाबी, आम्लारीत हिरवट होतो. गर राहिला तर प्रयोग बिघडतो, कारण द्राक्षाचा रस मुळातच आंबट. दर्शक आधीच लाल होऊन बसतो आणि खाण्याच्या सोड्याने ढळत नाही. द्रावण दोन दिवसांत आंबतं, म्हणून गाळणकागदाच्या पट्ट्या भिजवून सावलीत वाळवा. हंगाम नसेल तेव्हा जास्वंद.

पाण्याच्या कठीणपणासाठी मुलांना घरून बाटली आणायला सांगा, नळाचं आणि बोअरचं वेगवेगळं. प्रत्येकी १० मिली पाणी सारख्या परीक्षानळीत, १०० मिली आरओच्या पाण्यात १ ग्रॅम कपड्याचा साबण किसून केलेलं द्रावण थेंब-थेंब टाकून दर वेळी हलवायचं, एक सेंटीमीटर फेस मिनिटभर टिकेपर्यंत थेंब मोजायचे. साबण म्हणजे साबणच. डिटर्जंट किंवा शाम्पू घेतला तर सगळ्याच पाण्यांना फेस येतो आणि प्रयोग संपतो. तेच पाणी उकळून, गार करून, गाळून पुन्हा मोजलं की तात्पुरता कठीणपणा वेगळा काढता येतो.

सावलीचा प्रयोग २१ मार्चच्या आगेमागे एकदोन दिवसांत. सपाट फरशीवर १ मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि सव्वाबारापासून एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा. सर्वात आखूड सावली १२ वाजता नाही, १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास मिळते, कारण घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि नाशिक जवळपास ७३.८ वर. सावली ३६ सेंटीमीटरच्या आसपास येते. १:१० प्रमाणात त्रिकोण काढून कोनमापकाने वरचा कोन मोजा: २० अंश, म्हणजेच नाशिकचा अक्षांश. सावलीचं टोक सेंटीमीटरभर पुसट असतं, त्यामुळे अर्धा अंश इकडे-तिकडे होणारच.

जपून करायच्या गोष्टी

आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ८५ मिली घेऊन ते ९०० मिली पाण्यात हळूहळू सोडा आणि एकूण एक लिटर करा. शालेय प्रयोगांना हे पुरेसं विरल आहे. हे काम शिक्षकांनी किंवा प्रयोगशाळा सहायकांनी, खिडक्या उघड्या ठेवून करायचं. आम्लाच्या बाटल्या सगळ्यात खालच्या फळीवर, कंबरेच्या वर कधीही नाही.

स्पिरिटचा दिवा अर्ध्यापर्यंतच भरा, पेटता असताना भरू नका, एका दिव्यावर दुसरा पेटवू नका, विझवताना फुंकर नको, झाकण घाला. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतच नाही, म्हणून ‘विझलाय’ असं समजून हात जातो. ओढण्या खोचलेल्या, केस बांधलेले, बाह्या दुमडलेल्या. डोळ्यांवर साधे पारदर्शक गॉगल. वाळूची बादली दाराशी.

भाजलं तर भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही नको. डोळ्यात रसायन गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान पंधरा-वीस मिनिटं पाण्याची धार आणि लगेच डॉक्टर. प्रयोगशाळेचा नळ चालू आहे का, हे दर तासाआधी बघा. टाकी रिकामी असेल त्या दिवशी आम्लाचा प्रयोग रद्द.

मोरचुदाचं उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं आणि तांबं माशांना विषारी आहे. प्लास्टिकच्या बादलीत जमा करा, त्यात लोखंडाचा कीस टाकून निळा रंग जाईपर्यंत एकदोन दिवस ठेवा. तळाचं तांबं गाळून, वाळवून पुढच्या वर्षी दाखवायला ठेवता येतं.

वही तपासताना

कच्ची वाचनं थेट वहीत, पेनने, तासातच. खोडरबर बंद. चुकलं तर एक आडवी रेघ, आतला आकडा वाचता यायला हवा. घरी सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलेली वही स्वीकारू नका. सुंदर वह्यांची सक्ती हेच वाचनं ‘दुरुस्त’ होण्याचं मुख्य कारण आहे. दहापैकी गुण द्यायचे तर अंदाजाला १, वाचनांना ४, आकृतीला किंवा आलेखाला २, आणि ‘आमच्या आकड्यातली सर्वात मोठी चूक कुठून आली असेल’ या उत्तराला ३. उत्तर पुस्तकाशी जुळण्याला शून्य. सगळ्या गटांची वाचनं फळ्यावर एका तक्त्यात लिहा; एखादा आकडा फारच वेगळा असला तर त्या गटाला पुन्हा मोजू द्या, खोडू देऊ नका.

तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्यापेक्षा ट्रेमधली एक वस्तू बदलून विचारा: खिळा जस्ताचा असता तर? दोरा ताणला असता तर? ज्याने स्वतः केलंय तो थांबून विचार करतो, ज्याने उतरवलंय तो पाठ केलेलं म्हणू लागतो.

सुट्टी लागण्यापूर्वी

मल्टिमीटर आणि घड्याळांतले सेल काढा, नाहीतर गळून संपर्कपट्ट्या खातात. स्पिरिटचे दिवे रिकामे करा. चुन्याच्या निवळीच्या बाटलीचं बूच घट्ट लावा. हवा लागली की वर पापुद्रा धरतो आणि जूनमध्ये फुंकर मारून ती दुधाळ होत नाही. लेबलं पेन्सिलने लिहून वर चिकटपट्टी लावा, शाई आम्लाच्या वाफेने उडते. सूक्ष्मदर्शकाची भिंगं मऊ कोरड्या कापडाने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसाळ्यात उघड्या कपाटातल्या भिंगांना बुरशी धरते आणि ती एकदा काचेत रुतली की निघत नाही. पुड्या निळ्या मण्यांच्या असतील तर गुलाबी झाल्यावर मंद आचेवर तव्यात गरम करून पुन्हा निळ्या करता येतात; तो तवा मात्र स्वयंपाकाला परत वापरायचा नाही.